घड्याळ आधी, संगणक नंतर : पाषाणच्या 'आय-हब'ची वाटचाल

वाकडच्या भूमकर चौकातून महामार्गाला लागून बालेवाडी ओलांडली की पाषाण फार दूर नाही. तिथे होमी भाभा रस्त्यावर भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'आयसर', उभी आहे. याच आयसरच्या छत्राखाली 'आय-हब क्वांटम टेक्नॉलॉजी फाउंडेशन' ही कंपनी जन्माला आली. वाकडहून रोज हिंजवडीला कामावर जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तिचे नाव ठाऊक असेल. तिची जाहिरात कुठल्या चौकात लागत नाही आणि तिचा समभाग बाजारात मिळत नाही. तरीही क्वांटम तंत्रज्ञानाचा धंदा या शहरात कसा उभा राहील, याचे उत्तर शोधायचे तर सुरुवात या संस्थेपासूनच करावी लागते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. हायझेनबर्गच्या १९२५ सालच्या पायाभूत लेखाला शंभर वर्षे झाली, हे त्याचे निमित्त. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळाले. हाताळता येईल एवढ्या मोठ्या विद्युत मंडलातही अणुजगताचे नियम चालतात, हे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले होते. आजच्या अनेक क्वांटम संगणकांचा पाया तोच आहे. शंभर वर्षे वहीत आणि प्रयोगशाळेत राहिलेला विषय आता कंपन्यांच्या ताळेबंदात शिरला आहे. म्हणून या संस्थेचा इतिहास सांगताना तिने काय शोधले याइतकेच तिचा व्यवहार कसा चालतो, हेही सांगायला हवे.

पूर्वपीठिका : परम आणि त्याचा हिशेब

पाषाणच्या या कथेची सुरुवात १९८८ पर्यंत मागे जाते. तेव्हा भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेने हवामान अंदाजासाठी एक क्रे यंत्र दिले, पण तेही अटी घालून. त्याहून शक्तिशाली यंत्र द्यायला तिने नकार दिला. त्यातून मार्च १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक', म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालच्या चमूला तीन वर्षे आणि सुमारे ३० कोटी रुपये मिळाले. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर या साध्या चिपा मोठ्या संख्येने समांतर जोडून त्याची ताकद उभी केली होती.

ही यशोगाथा आपल्याला पाठ आहे. तिचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. 'परम'ची काही यंत्रे रशियासह परदेशांत गेली, परंतु महासंगणक विकून जगणारी कंपनी पुण्यात उभी राहिली नाही. पुढच्या दहा वर्षांत बाजारातल्या स्वस्त प्रोसेसरांनी ट्रान्सप्युटर मागे टाकला. सी-डॅक टिकले ते दुसऱ्या बळावर. एक बळ होते भारतीय भाषांना संगणकावर आणणाऱ्या 'जिस्ट' तंत्राचे, आणि दुसरे प्रशिक्षणाचे. 'डॅक'ची पदविका घेऊन नोकरीला लागलेली माणसे हिंजवडीच्या जवळपास प्रत्येक कंपनीत सापडतील. यंत्रामुळे संस्थेचे नाव झाले, पण तिचा वर्षानुवर्षांचा पसारा माणसे घडवण्यावर आणि सरकारी मोहिमांवर चालला.

२०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांची राष्ट्रीय महासंगणन मोहीम जाहीर झाली आणि सी-डॅकला पुन्हा मोठे काम मिळाले. तिचाच 'परम ब्रह्मा' २०१९ मध्ये आयसर पुणे येथे बसला. सप्टेंबर २०२४ मध्ये 'परम रुद्र' मालिकेतली तीन यंत्रे पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे कार्यान्वित झाली. पुण्याचे यंत्र खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी आहे. पहिल्या यंत्रापासून ही मजल गाठायला तीन दशके लागली, आणि त्या सगळ्या काळात पैसा प्रामुख्याने सरकारचाच होता. क्वांटमच्या हिशेबातही तीन दशकांचा हा आकडा ध्यानात ठेवायला हवा.

पाया घालणारी माणसे

आयसर पुणे २००६ साली सुरू झाली. देशातल्या पहिल्या दोन आयसरांपैकी ती एक. सुरुवातीची वर्षे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात गेली आणि डॉ. कृष्णराजनगर गणेश हे पहिले संचालक होते. पदवीपासूनच विद्यार्थ्याला संशोधनात ओढायचे, असे धोरण त्यांनी ठेवले. भौतिकशास्त्राच्या विभागात क्वांटमच्या दोन वेगळ्या वाटा लवकरच धरल्या गेल्या. डॉ. टी. एस. महेश यांचा गट अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे आपल्या रुग्णालयातल्या एमआरआयच्या मागचे तंत्र, वापरून रेणूंमधल्या अणुकेंद्रकांना क्युबिट, म्हणजे क्वांटम माहितीचे एकक, म्हणून हाताळत होता. डॉ. उमाकांत रापोल यांचा गट लेझरच्या साहाय्याने अणू थंड करण्याचे काम करत होता. अणू थंड करायचा म्हणजे त्याची धावपळ कमी करायची. रुबिडियमचे अणू योग्य रंगाच्या लेझरच्या कचाट्यात सापडले की त्यांचे तापमान निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ जाते. अशा शांत झालेल्या अणूवर सूक्ष्म मोजमाप करता येते.

पाषाणजवळच विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' आहे. खगोलशास्त्राची संस्था म्हणून आपण तिला ओळखतो. तिथेही डॉ. सुभदीप डे यांच्या प्रयोगशाळेत इटर्बियमचा एकच आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, निर्वातात अडकवून त्याच्या कंपनांवर घड्याळ चालवण्याचे काम चालते. अशा रीतीने 'क्वांटम' हा शब्द बाजारात गाजण्याच्या आधीच पुण्यात निर्वात, लेझर आणि सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्स यांचा हात बसलेली मंडळी तयार झाली होती. पुढे कंपनी निघाली ती या कौशल्याच्या भांडवलावर.

स्थापना

६ डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'आंतरविद्याशाखीय सायबर-फिजिकल प्रणाली राष्ट्रीय मोहीम' मंजूर केली. पाच वर्षे आणि ३,६६० कोटी रुपये. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने या मोहिमेत देशभर २५ तंत्रज्ञान नवोन्मेष केंद्रे उभारली. प्रत्येक केंद्र एका नामांकित संस्थेकडे आणि प्रत्येकाला एक विषय. कुणाला यंत्रमानवशास्त्र मिळाले, कुणाला शेती, कुणाला सायबर सुरक्षा. क्वांटम तंत्रज्ञान हा विषय आयसर पुणेच्या वाट्याला आला. २०२०-२१ दरम्यान आय-हबचे काम सुरू झाले तेव्हा आयसरचे १३ संशोधन गट त्यात सामील होते आणि सुमारे १७० कोटी रुपयांची तरतूद होती. आयसरचे संचालकपद तेव्हा डॉ. जयंत उदगावकर यांच्याकडे होते.

त्याच सुमारास, १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात, क्वांटमसाठी पाच वर्षांत ८,००० कोटींची घोषणा झाली. ती प्रत्यक्षात यायला तीन वर्षे गेली. १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर झालेली राष्ट्रीय क्वांटम मोहीम ६,००३ कोटी ६५ लाखांची आणि २०२३-२४ ते २०३०-३१ अशा आठ वर्षांची होती. मधल्या काळात संपूर्णपणे क्वांटमला वाहिलेले, पैसा हाती असलेले आणि कंपनीच्या रूपात चालणारे केंद्र पाषाणचेच होते. ही आघाडी तीन वर्षांची होती, पण विद्यार्थी, प्राध्यापक आणि नवउद्योजक यांना एकत्र बांधायला ती उपयोगी पडली.

कंपनी, पण नफा न वाटणारी

आय-हब ही कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदलेली कंपनी आहे. अशा कंपनीला पैसे मिळवता येतात, करार करता येतात, दुसऱ्या कंपनीत भाग घेता येतो. मात्र नफा भागधारकांत वाटता येत नाही, तो उद्दिष्टासाठीच खर्च करावा लागतो. विद्यापीठाच्या प्रकल्पाला जे जमत नाही ते यामुळे जमते. विद्यापीठाकडे येणारा संशोधन निधी वर्षअखेरीला खर्च दाखवून संपवायचा असतो, त्यातून कुणाला भांडवल देता येत नाही. बाजारातला गुंतवणूकदार भांडवल देतो, परंतु त्याला पाच-सात वर्षांत परतावा हवा असतो, आणि आयन पकडणाऱ्या यंत्राला तेवढी वर्षे नुसती उभी राहायलाच लागतात. कलम ८ ची कंपनी या दोघांच्या मधली जागा भरते.

आय-हबच्या कामाचे तीन भाग सांगता येतील. पहिला संशोधनाला पैसा देण्याचा. हा पैसा आयसरपुरता मर्यादित नाही, देशातल्या इतर संस्थांतल्या प्रकल्पांनाही तो मिळतो. दुसरा भाग माणसे घडवण्याचा. 'चाणक्य' या नावाच्या पाठ्यवृत्त्या पदवीच्या विद्यार्थ्यापासून पीएचडीनंतरच्या संशोधकापर्यंत दिल्या जातात. तिसरा भाग नवउद्योगांना उभे करण्याचा. वरवर पाहता पहिला भाग सर्वांत मोठा वाटतो. सी-डॅकचा इतिहास पाहिला तर दुसराच सर्वांत टिकाऊ ठरेल असे म्हणावे लागते. क्वांटमचे यंत्र पाच वर्षांत जुने होते. ते चालवायला शिकलेला माणूस तीस वर्षे काम करतो.

या २५ केंद्रांपुढे सरकारने एक अपेक्षाही ठेवली होती. अनुदानाची मुदत संपल्यावर त्यांनी आपल्या पायावर उभे राहावे. इथेच संस्थेच्या व्यवसायनीतीची खरी परीक्षा सुरू होते.

विकायचे काय?

क्वांटम म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर संगणक येतो. व्यवहारात मात्र तीन वेगळे बाजार आहेत आणि ते वेगवेगळ्या वेळी पिकणार आहेत.

पहिला बाजार मोजमापाचा. त्यात घड्याळे, चुंबकीय क्षेत्र मोजणारी यंत्रे, गुरुत्वमापक येतात. त्यांना गिऱ्हाईक आजच आहे. आपल्या 'नाविक' या दिशादर्शक उपग्रहमालेचेच उदाहरण घ्या. जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळे काही वर्षांतच बंद पडली. ती आयात केलेली होती. उपग्रह कक्षेत फिरत होता, पण वेळ सांगू न शकणारा उपग्रह दिशा दाखवू शकत नाही. बदली म्हणून ऑगस्ट २०१७ मध्ये सोडलेला उपग्रह उष्णताकवच न उघडल्याने वाया गेला. शेवटी २९ मे २०२३ रोजी गेलेल्या 'एनव्हीएस-०१' वर अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने बनवलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसले. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटीमीटर जातो. घड्याळ तेवढे चुकले तर अंतरही तेवढे चुकते, हे गणित लक्षात घेतले की घड्याळाची किंमत कळते.

गरज फक्त उपग्रहांची नाही. मोबाइलच्या मनोऱ्यांना एकमेकांशी वेळ जुळवावी लागते, शेअर बाजाराला सौद्याची नेमकी वेळ नोंदवावी लागते. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानंतर संगणक यंत्रणांची वेळ राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या (एनआयसी) घड्याळाशी जुळवणे कंपन्यांना बंधनकारक झाले. हिंजवडीत सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींना हा आदेश चांगला आठवत असेल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहीम आणि आय-हबला जन्म देणारी सायबर-फिजिकल मोहीम, या दोन्हींच्या आधाराने आठ नवउद्योग निवडले गेले. त्यांत पुण्याचा एक आहे. 'क्यूप्रयोग' ही कंपनी प्रकाशीय अणुघड्याळे बनवण्याचे काम करते. रुबिडियमचे घड्याळ सेकंदाला सुमारे ६.८ अब्ज कंपने मोजते. प्रकाशीय घड्याळात मोजायची कंपने त्याच्या हजारो पटींनी जास्त असतात, म्हणून वेळेचे तुकडे अधिक बारीक होतात. आठांतल्या इतरांची यादीही बोलकी आहे. मुंबईची 'दिमिरा' अतिशीत तापमानात चालणाऱ्या केबली बनवते, दिल्लीची 'प्रेनिश्क' अचूक लेझर बनवते. 'क्वानास्ट्रा' शीतयंत्रणा आणि अतिवाहक संवेदकांवर काम करते. अहमदाबादची 'प्रिस्टिन डायमंड्स' संवेदकांसाठी हिरे बनवते, बंगळूरची 'क्वान टूडी' एकेक प्रकाशकण टिपणारे संवेदक. आठांपैकी सहा कंपन्या सुटे भाग किंवा मोजमापाची साधने बनवणाऱ्या आहेत. पूर्ण संगणकाचा ध्यास घेतलेली कंपनी एकच.

दुसरा बाजार सुरक्षेचा. १९९४ मध्ये पीटर शॉर यांनी दाखवून दिले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक मिळाला तर आजची बरीचशी कूटलिपी फोडता येईल. तसा संगणक अजून झालेला नाही, पण आज चोरून ठेवलेला मजकूर दहा वर्षांनी उघडता येईल या भीतीने खरेदी सुरू झाली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेने नव्या कूटलिपीची पहिली तीन मानके जाहीर केली. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांना आपल्या प्रणाली हळूहळू बदलाव्या लागतील. हे काम मुख्यतः सॉफ्टवेअरचे आहे. ते करायला अतिशीत यंत्रणा लागत नाही, जुन्या प्रणाली जाणणारे कसलेले अभियंते लागतात. प्रकाशकणांतून कूटलिपीची कळ पाठवणाऱ्या यंत्रांचा धंदा मात्र वेगळा. त्यात २०१६ साली सुरू झालेली बंगळूरची 'क्यूनू लॅब्स' आपल्याकडे पुढे आहे.

तिसरा बाजार संगणकाचा. तो सर्वांत मोठा होईल असे म्हणतात, आणि तोच सर्वांत दूर आहे. आठांतली 'क्यूपीआय' ही बंगळूरची कंपनी. तिने १४ एप्रिल २०२५ रोजी 'इंडस' हा २५ क्युबिटचा संगणक जाहीर केला. राष्ट्रीय मोहिमेचे उद्दिष्ट आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिट गाठण्याचे आहे. आयबीएमचा 'हेरॉन' १५६ क्युबिटचा, गुगलचा डिसेंबर २०२४ मधला 'विलो' १०५ क्युबिटचा. नुसती संख्या मात्र फसवी असते. क्युबिट किती वेळा चुकतो आणि चूक दुरुस्त कशी होते, यावर उपयोग ठरतो.

जगाचा ताळेबंद

संगणकाच्या मागे सगळे बळ लावणाऱ्या कंपन्यांचे काय झाले, ते पाहू. कॅनडाची 'डी-वेव्ह' १९९९ पासून आहे. तिने २०११ मध्ये लॉकहीड मार्टिनला आपले पहिले व्यापारी यंत्र विकले. आयन अडकवून संगणक बनवणारी अमेरिकेची 'आयनक्यू' २०१५ मध्ये निघाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. २०२४ मध्ये तिचा महसूल सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर होता आणि तोटा ३३ कोटी डॉलरहून अधिक. भाव मात्र भविष्याचा चालतो. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी उपयुक्त क्वांटम संगणकाला अजून पंधरा ते तीस वर्षे लागतील असे म्हटले, आणि एका दिवसात या कंपन्यांच्या समभागांचे मूल्य तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घसरले. विकलेल्या मालावर उभ्या असलेल्या कंपनीचे असे होत नाही.

मोटार उद्योगाचा अनुभवही याच जातीचा. चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगनने २०१७ मध्ये डी-वेव्हचे यंत्र वापरून बीजिंगच्या सुमारे दहा हजार टॅक्सींच्या मार्गांवर प्रयोग केला. २०१९ मध्ये लिस्बनच्या बसगाड्यांचे मार्ग ठरवून पाहिले. २०२० च्या सुरुवातीला डाइमलर आणि आयबीएम यांनी लिथियम-सल्फर बॅटरीच्या रेणूंचे गणित मांडले. ही कामे संशोधन म्हणून चांगली होती. गाडीच्या किमतीत किंवा बॅटरीच्या टिकाऊपणात मात्र गिऱ्हाइकाला त्यांचा फायदा अजून दिसलेला नाही.

या पार्श्वभूमीवर आय-हबसारख्या संस्थेने घड्याळ, लेझर, संवेदक आणि माणूस यांना आधी धरणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. घड्याळासाठी लागणारे लेझर, निर्वातकोठ्या आणि अतिस्थिर इलेक्ट्रॉनिक्स यांतले बरेचसे आयनवर चालणाऱ्या संगणकालाही लागते. उद्या संगणकाचा बाजार पिकला तर हे भाग बनवणारा हात तयार असेल. तो पंधरा वर्षे लांबला तरी घड्याळ विकले जाईल.

उणे बाजू

स्मरणिकेत फक्त कौतुक लिहायचा प्रघात आहे. पण संस्थेच्या इतिहासात तिच्या अडचणीही यायला हव्यात.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय क्वांटम मोहिमेची चार विषयकेंद्रे जाहीर झाली. संगणन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला, दळणवळण आयआयटी मद्रासला, मोजमाप आयआयटी मुंबईला, साहित्य आणि उपकरणे आयआयटी दिल्लीला. पुण्याला स्वतःचे केंद्र मिळाले नाही. मोजमापाचे केंद्र मुंबईला गेले ही पुण्यासाठी त्यातल्या त्यात सोयीची गोष्ट. घाट उतरले की भागीदार भेटतो. दुसरीकडे राज्या-राज्यांत चढाओढ सुरू झाली. कर्नाटकाने २०२५ मध्ये १,००० कोटींची क्वांटम मोहीम जाहीर केली. आंध्र प्रदेशाने अमरावतीत आयबीएम, टीसीएस आणि एल अँड टी यांच्यासह 'क्वांटम व्हॅली' उभी करायला घेतली आहे. टीसीएसचे मोठे संकुल हिंजवडीत आहे, पण तिचे क्वांटमचे नाव अमरावतीशी जोडले जात आहे. महाराष्ट्राने हे मनावर घ्यायला हवे.

भांडवलाचीही अडचण आहे. 'क्यूपीआय'ने २०२५ मध्ये ३ कोटी २० लाख डॉलर उभे केले, त्यात खासगी गुंतवणूकदारासोबत राष्ट्रीय क्वांटम मोहीमही सहभागी होती. सरकार अनुदान देणारे न राहता भागीदार होऊ लागले, हा चांगला बदल. १ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेली एक लाख कोटींची संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजना याच दिशेची आहे. तिच्यातला पैसा मात्र प्रयोगशाळेतून बाहेर पडून काही प्रमाणात सिद्ध झालेल्या तंत्रासाठी आहे. त्या पायरीपर्यंत नवउद्योगाला हात धरून नेणे हेच आय-हबचे काम. पहिली खरेदी करणारा मिळाला नाही तर ही साखळी तुटते. 'परम'च्या वेळी तसेच झाले होते. यंत्र होते, पण सातत्याने घेणारे गिऱ्हाईक फार थोडे होते. संरक्षण, अवकाश, दूरसंचार आणि रेल्वे या सरकारी खरेदीदारांनी देशी घड्याळाला आणि देशी संवेदकाला चाचणीसाठी जागा दिली, तरच पुढचे गणित जुळेल.

वाकड, भोसरी, चाकण

क्वांटमच्या प्रयोगशाळेत सर्वांत जास्त वेळ पदार्थविज्ञानात जात नाही, जोडणीत जातो. निर्वातकोठीची झडप गळते. स्टेनलेस स्टीलच्या फ्लँजवर बारीक ओरखडा असेल तर निर्वात टिकत नाही. लेझरचा आधार तापमानाने केसाएवढा सरकला तरी अणू सुटतो. ही कामे अचूक यंत्रकामाची आहेत. भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्यांत मायक्रॉनच्या हिशेबाने काम करणारे टर्नर आणि फिटर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग मोटारींचे कारखाने आले, आणि त्यांच्याभोवती हे छोटे पुरवठादार वाढले. त्यांनी आजवर मोटारीचे भाग हजारांच्या संख्येने बनवले. क्वांटमच्या मागण्या दहा-वीस नगांच्या असतात, अचूकता जास्त लागते आणि नगामागे किंमतही बरी मिळते. विजेवरच्या गाड्यांमुळे इंजिनाचे भाग कमी लागणार असल्याची चिंता या कारखानदारांना आहे. त्यांनी या नव्या मालाकडे पाहायला हवे.

वाकड-हिंजवडीच्या सॉफ्टवेअर अभियंत्यासाठीही दार उघडे आहे. २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या पुढाकाराने भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी रुरकी आणि सी-डॅक यांनी 'क्यूसिम' हे क्वांटम संगणकाचे अनुकरण करणारे साधन बनवले. आयबीएमने २०१६ पासूनच आपले यंत्र महाजालावर वापरायला खुले केले आहे. घरच्या लॅपटॉपवर बसून क्वांटम प्रोग्रॅम लिहिता येतो. त्याहून लवकर पगार देणारे काम म्हणजे नव्या कूटलिपीकडे स्थलांतर करण्याचे. बँकेच्या प्रणालीत जुनी कळ कुठे-कुठे दडली आहे हे शोधायला क्वांटम भौतिकीची पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

आय-हबच्या पहिल्या टप्प्याचा निकाल असा सांगता येईल. तिने संगणक विकला नाही, आणि तो आज विकण्याची घाई केली नाही हे बरेच झाले. तिने पुण्यातल्या विखुरलेल्या कौशल्याला कंपनीचे रूप दिले, पाठ्यवृत्त्यांतून माणसे तयार केली आणि शहराला क्वांटमच्या नकाशावर आणले. पुढच्या टप्प्याचे मोजमाप मात्र शोधनिबंधांनी होणार नाही. पुण्यात बनलेली किती घड्याळे, किती लेझर आणि किती संवेदक पैसे देऊन विकत घेतले गेले, याने होईल.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना एवढीच विनंती. तुमचा कारखाना भोसरीत किंवा चाकणला असेल तर पाषाणच्या प्रयोगशाळांना कोणते भाग परदेशातून मागवावे लागतात, ते जाऊन विचारा. तुम्ही बँकेच्या किंवा दूरसंचाराच्या प्रकल्पावर काम करत असाल तर नव्या कूटलिपीचे काम आपल्या संघात आजच सुरू करा. घरात बारावीनंतर विज्ञानाकडे जाणारे मूल असेल तर त्याला आयसर आणि चाणक्य पाठ्यवृत्ती यांची माहिती द्या. ही संस्था आपल्या शेजारची आहे, आणि शेजाऱ्यांनी पाठबळ दिले तरच ती सरकारी अनुदानाशिवाय उभी राहील.